विहीर कोणत्या सणापर्यंत पुरते?

शेती करणाऱ्या घरांच्या आमच्या पाहणीत मुळशीतल्या एका गावात चाळीस एकरांचा शेतकरी निघाला आणि शिवाजीनगरच्या आमच्या ऑफिसात तासभर कोणाला काही सुचेना. ताम्हिणीच्या अंगाचं, भातखाचरांचं गाव ते. तिथे चाळीस एकर सलग सपाटी डोळ्यांनाही दिसत नाही. त्यातून त्याच्या फॉर्मवर दोन बैल, एक म्हैस आणि वर्षभरातली शेतमालाची विक्री शून्य. "जुने इनामदार असतील," असं सर म्हणाले. मी फोन लावला.

"आबा, तुमची जमीन किती म्हणालात?"

"चाळीस."

"एकर?"

पलीकडून आधी खोकला, मग हसू. "पोरी, चाळीस एकर असती तर तुझा फोन मी उचलला असता का? चाळीस गुंठं गं!"

झालं होतं असं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा क्रमाने लिहितात. तिथे लिहिलेलं ०.४०.००. म्हणजे चाळीस आर (आर जवळजवळ गुंठ्याएवढाच), जेमतेम एक एकर. फॉर्म भरणारा मुलगा संगणकशास्त्राचा, कोथरूडचा. त्याने चाळीस पाहिलं आणि एकक विचारणाऱ्या चौकटीत पहिला पर्याय दाबून टाकला. त्याला दोष देत नाही, तो पर्याय पहिल्या जागी मीच ठेवला होता.

ही गोष्ट २०२२ सालची. एका संशोधन प्रकल्पात मी क्षेत्र समन्वयक म्हणून लागले होते. शिक्षण कृषी पदवीचं, पुढे संख्याशास्त्र. काम ऐकायला सोपं होतं. जिल्ह्यात शेतीचे, म्हणजे शेती करणाऱ्या घरांचे, नेमके किती प्रकार आहेत ते शोधायचं, म्हणजे योजना आखताना सगळ्यांना एकच औषध पाजलं जाणार नाही. सरकारकडे वर्गवारी आहेच. कृषिगणना १९७०-७१ पासून दर पाच वर्षांनी होते आणि तिचे वर्ग सगळ्यांना माहीत आहेत: एक हेक्टरच्या आत सीमांत, एक ते दोन अल्प, दोन ते चार निम-मध्यम, चार ते दहा मध्यम, दहाच्या वर मोठा. सगळं क्षेत्रावर. २०१५-१६ च्या गणनेत देशातले ८६ टक्के खातेदार पहिल्या दोन वर्गांत आले. ज्या चाळणीत शंभरातले शहाऐंशी दाणे एकाच बाजूला पडतात, त्या चाळणीने निवडायचं काय?

आणि ही दोन हेक्टरची रेघ नुसती तक्त्यातली नाही. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्यांचं थकीत पीककर्ज पूर्ण माफ झालं आणि त्यावरच्यांना उरलेले पैसे भरले तर पंचवीस टक्के सूट मिळाली. विदर्भातला सहा-सात एकर कोरडवाहू कापसाचा शेतकरी मोठा ठरला, आणि कॅनॉलखालचा चार एकर उसाचा बागायतदार अल्पभूधारक. ठिबकच्या अनुदानातही अल्प-सीमांतला ५५ टक्के आणि इतरांना ४५, वर राज्याची भर वेगळी. रेघेच्या कोणत्या बाजूला तुम्ही उभे आहात यावर पैसे ठरतात.

पुणे जिल्हा या कामाला फार सोयीचा आणि फार अवघड. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कित्येक हजार मिलिमीटर, आणि शे-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला इंदापुरात पाचशेच्या आसपास. राज्याच्या नऊ कृषिहवामान विभागांपैकी घाटमाथ्यापासून अवर्षणप्रवण पट्ट्यापर्यंतचे विभाग या एका जिल्ह्यात एकामागून एक लागतात. मुळशी, पुरंदर आणि दौंड असे तीन तालुके घेतले, प्रत्येकी दोन गावं, सगळी मिळून चारशेच्या आसपास घरं. गावांची नावं इथे लिहीत नाही, तसा शब्द देऊन फॉर्म भरून घेतले होते.

दौंडात वेळ लागला नाही. उसाच्या माणसाला आकडे पाठ असतात. लागण किती, खोडवा किती, एकरी टन किती, कारखान्याचा पहिला हप्ता किती. फक्त "बारमाही पाणी का?" असं विचारलं की तो थांबायचा. "खडकवासल्याचं आवर्तन सुटलं तर बारमाही. पुण्याला प्यायला कमी पडलं की आमचं सुटत नाही. तुम्ही पुण्याच्याच ना?" मी मान खाली घालून पुढचा प्रश्न वाचायची.

खरी फजिती पुरंदरमध्ये झाली.

फॉर्ममधला अकरावा प्रश्न होता, "एकूण क्षेत्रापैकी बागायत क्षेत्र किती?" सरळ प्रश्न. पण सासवडच्या पुढच्या त्या गावात एकालाही त्याचं सरळ उत्तर देता येईना. "सगळं बागायतच हाय की, विहीर हाय," असं एक जण म्हणाला आणि त्याच्या बायकोने आतून ओरडून दुरुस्ती केली, "विहीर हाय, पाणी कुठाय?" सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होती, म्हणजे कागदावर तो बागायतदार. दुसऱ्याने वेगळं सांगितलं. त्याची विहीर दोघा चुलतभावांत, त्याची पाळी चौथ्या दिवशी, त्या दिवशी दुपारी लाइट नसली की पाळी गेली. आता याचं बागायत क्षेत्र किती लिहायचं? मी पेन चावत बसले.

ओसरीवर एक आजी वाटाणे सोलत होत्या. मघापासून माझ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"असं काय इचारतीस गं? किती एकर भिजतंय म्हणं. ज्या सालाला जसं. कुठल्या सणापत्तूर पुरतंय ते इचार की."

"म्हणजे?"

"म्हंजे आमची विहीर संक्रांतीपत्तूर. वरच्या वस्तीवरच्यांची दिवाळी झाली की गाळ. वढ्याकडची दोन घरं पाडव्यापत्तूर ओढत्यात. पाटलाची जत्रंपत्तूर, चैत्रातल्या. आन् त्या पलीकडच्या मळ्याची बारा महिने, त्याला धरणाची लाइन हाय."

पाच-सात मिनिटांत आजींनी अख्खं गाव लावून दिलं. आमच्या तीन मुलांना तेवढ्यासाठी चार दिवस लागले असते आणि तरी ते चुकीचं निघालं असतं.

त्या रात्री सासवडच्या लॉजवर मी फॉर्म बदलला. "विहिरीचं किंवा बोअरचं पाणी साधारण कोणत्या सणापर्यंत पुरतं?" पर्याय पाच: दसरा-दिवाळी, संक्रांत, होळी-पाडवा, गावची जत्रा किंवा अक्षय तृतीया, आणि बारा महिने. आधी भरलेली घरं पुन्हा फिरलो. कोणी कपाळाला आठी घातली नाही. बायकांनी तर पुरुषांच्या आधी उत्तरं दिली.

पुण्यात सरांनी हरकत घेतली, आणि ती योग्य होती. संक्रांत सोडली तर आपले सण चंद्रावर चालतात. अधिक महिना आला की दिवाळी वीस दिवस पुढे सरकते. २०२२ चं लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला, २०२३ चं १२ नोव्हेंबरला. मग दोन वर्षांची तुलना करायची कशी? मी म्हटलं, तारखेत बदलून घेऊ, पंचांग आहेच. पण सर, आपण "जानेवारीचा दुसरा आठवडा" असं विचारलं असतं तर लोकांनी अंदाजच ठोकला असता. संक्रांतीला मोटर चालू होती का बंद, हे ते विसरत नाहीत. कारण सणाला लेकीसुना घरी असतात आणि हंडा कोणी आणायचा यावर भांडण झालेलं असतं.

सर हसले आणि प्रश्न राहिला. पुढे सगळ्या माहितीत तो सर्वांत कामाचा ठरला. कारण सणावर पीक ठरतं. दिवाळीच्या घराला बाजरी किंवा वाटाणा आणि मग जमिनीतल्या ओलीवर ज्वारी, बास. संक्रांतीच्या घराला कांदा जमतो. होळी-पाडव्यापर्यंत पाणी असलं की हिरवा चारा राहतो, मग गायी वाढतात, मग दर दहा दिवसांनी डेअरीचं पेमेंट येतं, आणि घराची चालच बदलते. अंजिराचा मीठा बहार धरायचा तर फळ उन्हाळ्यावर येतं, तिथे जत्रेपर्यंत तरी पाणी हवंच. सीताफळ बिचारं कमी पाण्यावर निभावतं. क्षेत्र या सगळ्यात कुठे येतं? येतं, पण मागच्या बाकावर.

दुसरा अडलेला प्रश्न वाट्याचा. "जमीन खंडाने किंवा वाट्याने घेतली आहे का, दिली आहे का?" चारशे घरांत जवळजवळ सगळीकडे "नाही". आणि बाहेर बघावं तर बांधावर वाटेकरी उभा. याचं कारण माझ्या आजोबांच्या वयाचं आहे. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. त्या दिवशी जो कसत होता तो कायद्याने मालक मानला गेला. कित्येक घरांना त्यातून जमीन मिळाली, कित्येकांची गेली. तेव्हापासून कोणताही मालक "दुसरा कसतो" हे कागदावर येऊ देत नाही, आणि कसणाराही बोलत नाही, बोलला तर पुढच्या वर्षी रान जाईल. माझ्या हातातला फॉर्म त्यांच्या लेखी तलाठ्याचा कागद होता. मी पुण्याहून आले, गळ्यात ओळखपत्र, वर इंग्रजी बोधचिन्ह. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?

ओळखपत्र पिशवीत टाकलं. प्रश्न असा फिरवला: "मळणी झाली की माल घरी येण्याआधी कोणाला काही द्यावं लागतं का?" मग हळूहळू बोलायला लागले. "अर्धेलीनं करतो." "बी-खत निम्मं निम्मं, माल निम्मा." "तिसरा वाटा, मोटर त्यांची." एका ताईंनी सांगितलं की त्या दिराचं रान करतात, पण वाटा म्हणू नका, "भावकीत वाटा म्हणत नाहीत." मग काय म्हणतात? "काही म्हणत नाहीत. पोतं आणून टाकतात." सातबारा दिराच्या नावावर, ई-पीक पाहणी (पिकाची सरकारी नोंद) दिराच्या मोबाइलवरून, नुकसानभरपाई दिराच्या खात्यात. ताई घरच्या शेतमजूर म्हणूनही कुठे मोजल्या जात नव्हत्या.

माहिती जमल्यावर कॉम्प्युटरचा भाग आला. बाहेरून तो भारी वाटतो, म्हणून थोडक्यात सांगते. प्रत्येक घराचे पंचवीसेक आकडे: जमीन, पाण्याचा सण, जनावरं, घरचे राबणारे हात, मजुरीवर खर्च, खतांवर खर्च, किती माल विकला, बाहेरून किती पैसा आला. हे आकडे एका मापात आणायचे, नाहीतर रुपयांचा लाख बैलाच्या दोनला गिळून टाकतो. मग एकमेकांशी बांधलेले आकडे एकत्र दुमडून चार-पाच मुख्य दिशा काढायच्या. आणि मग सर्वांत जवळची दोन घरं एकत्र, त्यांच्या जवळचं तिसरं, असं करत झाड बांधायचं. पडद्यावर ते उलटं टांगलेल्या झाडासारखं दिसतं, मुळं वर आणि पानापानावर एकेक घर. त्या झाडावर करवत कुठे फिरवायची, म्हणजे तीन गट धरायचे की सात की बारा, हे कॉम्प्युटर सांगत नाही. तो इशारे देतो. ठरवता तुम्ही, आणि तिथे तुमचा स्वभाव, तुमचा साहेब आणि अहवालाची शेवटची तारीख हे तिघेही हात मारतात.

पहिलं झाड आलं तेव्हा चारशे घरं एका बाजूला आणि एकच घर दुसऱ्या बाजूला. ते पोल्ट्रीचं घर होतं. हजारो कोंबड्या. बाकीचे सगळे त्याच्यापुढे सारखेच. कोंबड्या जनावरांच्या एककात बदलल्या, म्हणजे पुष्कळ कोंबड्या मिळून एक जनावर, मोठे आकडे लॉगरिदमच्या गणिताने दाबले, पुन्हा झाड लावलं.

दुसरी चूक यापेक्षा वाईट होती, कारण ती दिसलीच नाही. आम्ही एक आकडा घेतला होता, "हेक्टरी जनावरं." जनावरं भागिले जमीन. जमीन शून्य असेल तर उत्तर अनंत येतं. आणि अनंत आलेल्या ओळी आपोआप वगळाव्यात अशी सूचना प्रोग्रॅममध्ये होती. लिहिली आम्हीच होती, स्वच्छतेसाठी. महिनाभराने तक्ते जुळवताना लक्षात आलं की काही घरं गायब आहेत. कोणती? पुरंदरमधले मेंढपाळ धनगर, ज्यांच्या नावावर गुंठाही नाही पण शंभर-दीडशे मेंढरं आहेत, जे दिवाळीनंतर वाडा (मेंढरं आणि बिऱ्हाड) घेऊन घाट उतरतात आणि वाटेत लोकांच्या रानात मेंढरं बसवून खताच्या बदल्यात धान्य-पैसे घेतात. आणि मुळशीतली कातकऱ्यांची घरं, ज्यांच्याकडे दोन शेळ्या होत्या. जिल्ह्यातल्या कित्येक वावरांना खत देणारी माणसं आमच्या शेतीच्या यादीतून भागाकाराने उडवली होती. मी खुर्चीत बसूनच राहिले. चहा पुढ्यात गार झाला.

तो आकडा काढून टाकला. पण मग मला या झाडावर एकटीने विश्वास ठेवायची भीती वाटू लागली, म्हणून आम्ही पत्त्यांचा खेळ लावला. गावातल्या तीसेक घरांची नावं, घरच्यांना विचारूनच, एकेका कार्डावर. देवळाच्या सभामंडपात सतरंजी. लोकांना सांगायचं, शेती सारखी असलेल्या घरांचे ढीग करा, आणि ढीग का केला ते सांगा. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा.

पुरुषांनी फटाफट ढीग लावले. बागायतवाले, जिरायतवाले, कंपनीवाले, "नुसता सातबारा" (म्हणजे मालक पुण्यात, रानात गवत), आणि एक ढीग हळूच बाजूला सरकवला. तो कोणाचा, विचारलं तर "विकून खाणाऱ्यांचा". रिंगरोड आणि विमानतळाच्या चर्चा सुरू झाल्यापासून या तालुक्यात तोही शेतीचा एक प्रकारच आहे.

बायकांना जास्त वेळ लागला, कारण त्या प्रत्येक कार्डावर भांडत होत्या. त्यांचे ढीग जमिनीवर नव्हतेच. एक ढीग, "ज्यांच्या घरी महिन्याच्या महिन्याला काही येतं", मग तो चाकणच्या कंपनीतला पगार असो, दुधाचं पेमेंट असो की म्हातारीची पेन्शन. दुसरा, "ज्यांना पेरणीला उसनं काढावं लागतं". तिसरा, "जिथली बाई दुसऱ्याच्या रानात रोजाने जाते". पुरुषांच्या बागायत ढिगातलं एक घर बायकांनी उचलून या तिसऱ्या ढिगात टाकलं. पाच एकर बागायत, पण बाई रोजाने जाते. का? कोणी काही बोललं नाही. एक जण म्हणाली, "ताई, लिहू नका, पण लिहा." मी कारण लिहिलं नाही, ढीग लिहिला.

नंतर कॉम्प्युटरचे गट आणि सतरंजीवरचे ढीग शेजारी ठेवले. पुरुषांच्या ढिगांशी झाड जेमतेम जुळलं. बायकांच्या ढिगांशी बरंच जुळलं. पैसा घरात किती येतो यापेक्षा किती दिवसांनी येतो, यावर घराची शेती ठरत होती. राष्ट्रीय नमुना पाहणीचे २०१८-१९ चे आकडे मला तोंडपाठ होते. शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिना उत्पन्न १०,२१८ रुपये, त्यात पिकांमधून ३,७९८ आणि मजुरी-पगारातून ४,०६३. म्हणजे शेतकरी कुटुंबाला शेतातल्या पिकापेक्षा मजुरी जास्त देते. मी हे पाच-सहा भाषणांत सांगितलं असेल. सतरंजीवर मात्र ते दहा मिनिटांत, एकही आकडा न वापरता मांडलं गेलं.

मग मी एक आगाऊपणा केला. आमचं गाव शिरूर तालुक्यात, सर्वेक्षणाच्या बाहेर. सुट्टीला गेले तेव्हा अण्णांचा फॉर्म भरला आणि प्रोग्रॅममध्ये टाकला, सहज. अण्णांची जमीन तीन एकर. ते पडले सहाव्या गटात. आमच्या मसुद्यात त्या गटाचं नाव होतं "बिगरशेती उत्पन्नावर अवलंबून सीमांत". रात्री जेवताना मी हसत हसत सांगितलं. अण्णा जेवता जेवता थांबले.

"म्हणजे मी शेतकरी नाही म्हण."

"तसं नाही हो अण्णा. घरात माझा पगार येतो ना, म्हणून."

"तुझा पगार आला म्हणून मोटर भरली. तुझ्या पगारावर ठिबक बसलं. मागच्या साली कांदा सडला, तरी परत लावला तो कोणाच्या जिवावर? तो पगार शेतात गेला, शेत पगारावर नाही आलं. तुला कळायला पाहिजे हे." आई म्हणाली, "जेवू दे तिला." अण्णांनी ताटात पाणी घातलं आणि उठले.

दोन दिवस आम्ही धड बोललो नाही. पण ते बरोबर बोलले होते. कंपनीचा पगार असलेली दोन घरं आमच्या आकड्यांत जुळी दिसत होती. एकात पगार रानात ओतला जात होता, दुसऱ्यात रान विकून फ्लॅटचा हप्ता भरला जात होता. या दोघांना एकच योजना? पैसा बाहेरून रानात येतो की रानातून बाहेर जातो, हा प्रश्न आम्ही शेवटच्या फेरीत घातला आणि सहावा गट दुभंगला. गटाचं नावही बदललं.

मी पिंपळे सौदागरला भाड्याने राहते. आयटीवाल्यांचे मनोरे, मॉल, संध्याकाळी रिक्षा मिळत नाही. याच गावाचा, तेव्हाच्या पिंपळा सौदागरचा, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी अभ्यास केला होता आणि तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जुनी दप्तरं धुंडाळून काढलं की १७७१ मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा चाळीस एकर होती आणि १९१४-१५ मध्ये सात. हे वाचताना मला मुळशीच्या आबांचे चाळीस आठवले आणि बसमध्ये एकटीच हसले. मान यांच्यापुढेही प्रश्न हाच होता, हे घर नुसत्या रानावर जगतं का. माझ्या बाल्कनीतून जे दिसतं ते बघता त्या गावाचा तो प्रश्न निकालात निघाला आहे.

शेवटी सात प्रकार धरले. नावं लोकांच्या तोंडची ठेवायची हा माझा हट्ट. कॅनॉलवाले. सणावारी पाणीवाले. दुधावर चालणारे. डोंगराकडचे भातवाले, जे रोपांच्या जागेवर राब भाजतात, सावडीने (एकमेकांच्या रानात राबून) लावणी करतात आणि इंद्रायणी विकायच्या आधी घरच्या वर्षाचं भात बाजूला काढतात. पगार रानात घालणारे, रान पगारासाठी सोडणारे. आणि सातवा, वाटेकरी नि बिनजमिनीचे जनावरवाले. या सातव्यावरून आमच्यातच वाद झाला. ते दोन वेगळे प्रकार आहेत असं माझं आजही मत आहे, पण घरं कमी होती म्हणून एकत्र कोंबले. इंग्रजी अहवालात ही नावं बदलून गुळगुळीत झाली. ते मी थांबवू शकले नाही.

अहवाल घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो. कोणत्या, ते राहू दे. साहेब सज्जन होते, शांतपणे सगळं ऐकलं, एक-दोन प्रश्नही नेमके विचारले. मग पडदा आमच्याकडे वळवून त्यांच्या पोर्टलची अर्जाची चौकट दाखवली. "मॅडम, तुमचे सात प्रकार मला पटतात. माझ्याकडे रकाना एकच आहे. अल्पभूधारक, हो किंवा नाही. ते तरी सातबारा आणि आठ-अ च्या खातेउताऱ्यावरून सिद्ध करता येतं. संक्रांतीपर्यंत पाणी पुरतं याचा दाखला कोण देणार? तलाठी? उद्या सगळ्यांची विहीर दिवाळीला आटेल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अनुदान ज्यावर मिळतं ते मोजमाप लोक वाकवतात, आणि क्षेत्र वाकवायला अवघड म्हणून ते पन्नास वर्षं टिकलं आहे, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मग साहेबांनीच मधला मार्ग काढला. पैसे वाटायला नको, पण शेतीशाळा कुठे, कोणत्या विषयाची, कोणत्या वेळेला घ्यायची हे ठरवायला वापरू. पुरंदरमधल्या दोन कृषी सहायकांनी तसं केलं. सणावारी पाणीवाल्यांच्या गावात उसाच्या ठिबकचं प्रात्यक्षिक रद्द झालं आणि मुरघासाचं, म्हणजे हिरवा चारा मुरवून साठवण्याचं, लावलं. दुधाच्या बायकांसाठी वेळ सकाळी दहाऐवजी दुपारी दोनची ठेवली, कारण दहाला त्या वैरणीत असतात. अहवालातली एवढी गोष्ट जमिनीवर उतरलेली मी स्वतः पाहिली.

२०२३ ला पाऊस रुसला. ऑक्टोबरअखेर सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात पुरंदर आणि दौंड दोन्ही. आमच्या प्रकल्पात थोडे पैसे उरले होते, म्हणून डिसेंबरमध्ये काही घरांची फेरपाहणी ठरली. वाटाणेवाल्या आजींच्या ओसरीवर गेले. वाटाणा नव्हता. गोठ्यात तीनपैकी एक गाय, दोन विकलेल्या. सून हंडे ओळीत लावून टँकरची वाट बघत होती.

"आजी, औंदा विहीर कुठल्या सणापर्यंत?"

"पित्तरातच गेली. दसरा न्हाय बघितला तिनं."

टॅबवर सगळ्यात खालचा पर्याय दसरा-दिवाळी होता. त्याच्या खाली मी काही ठेवलंच नव्हतं. शून्य टाकून पाहिला, घेईना. मोकळं सोडलं तर पुढचं पान उघडेना. शेवटी नऊ दाबला. नऊ म्हणजे "लागू नाही". आणि वहीच्या मागच्या पानावर घर क्रमांक लिहून त्यापुढे "पितृपक्ष" लिहिलं.

"लिवलं का?" आजींनी विचारलं.

"वहीत लिहिलंय."

तेवढ्यात वळणावर टँकरचा हॉर्न वाजला आणि सून हंडा उचलून पळाली.